मोहावीच्या वाळवंटांतून एकट्याचा प्रवास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्निया या राज्याचा नकाशा पुढें घेऊन त्याच्या आग्नेय भागाकडे पाहिलें, तर लोहमार्गाच्या रेषेवर पश्चिमेकडून पूर्वेकडे कांहीं नांवें ओळीनें मांडलेलीं दिसतात : अँबॉय, ब्रिस्टल, केडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर, गॉफ्स, होमर, आयबिस. ज्याला इंग्रजी अक्षरओळख आहे त्याच्या ध्यानांत येण्यास वेळ लागत नाहीं कीं, हीं नांवें ए, बी, सी, डी अशा वर्णमालेच्या क्रमानें लावलेलीं आहेत. गांव वसतें, त्याला नांव पडतें आणि मग तेथें स्टेशन होतें, असा जगाचा नेहमींचा रिवाज. येथें मात्र सारें उलट झालें. आधीं रूळ आले, मग स्टेशनें आलीं, आणि त्यांना कांहीं तरी म्हटलें पाहिजे म्हणून पाटीवर अक्षरें गिरवावीं तशीं नांवें देण्यांत आलीं. मोहावी लोकांनीं या भूमीला दिलेलीं स्वतःचीं नांवें या यादींत आलीं नाहींत.

हा लोहमार्ग १८८३ मध्यें कोलोरॅडो नदीपर्यंत पुरा झाला. त्याच्यावरून धांवणाऱ्या वाफेच्या एंजिनाला कोळशापेक्षांहि निकड असे ती पाण्याची. कोळसा एकदां भरला कीं बराच पल्ला निघतो. पाणी मात्र वाफ होऊन सारखें उडून जातें. म्हणून दर कांहीं मैलांवर पाण्याची टाकी असणें भाग होतें. ज्या ठिकाणीं विहिरीला गोडें पाणी लागलें तेथें पंप बसला. जेथें पाणी लागलें नाहीं किंवा खारें लागलें, तेथें पाण्यानें भरलेले डबे गाडीला जोडून आणावे लागत. पश्चिमेस न्यूबेरी येथें झरे आहेत. त्यांचें पाणी असें आगगाडीनें लडलोसारख्या कोरड्या स्टेशनांना पुरविलें जाई. टाकी आली म्हणजे तिच्यावर देखरेख करणारा माणूस आला, रुळांची दुरुस्ती करणारे मजूर आले, तारमास्तर आला. आणि दहापांच घरांची वस्ती उभी राहिली. पुढें मोटारी निघाल्या तेव्हां त्यांचा रस्ताहि या रुळांच्या कडेकडेनेंच गेला. मोटारीला आणि मोटारींतील माणसाला वाळवंटांत मदत मिळण्याची जागा एवढीच होती. साधारणपणें रस्ते बाजारपेठा जोडण्यासाठीं बांधले जातात. पुढें ‘रूट सहासष्ट’ या नांवानें जगप्रसिद्ध झालेल्या हमरस्त्याचा हा मोहावींतील तुकडा मात्र पाण्याच्या टाक्या जोडीत गेला आहे.

वाट अर्थात् रुळांहून पुष्कळ जुनी. मोहावी लोक एका झऱ्याहून दुसऱ्या झऱ्यावर जात समुद्रकिनाऱ्यापर्यंत व्यापाराला जात असत. त्यांचा मार्ग आजच्या रस्त्याच्या थोडा उत्तरेस होता. १७७६ मध्यें फ्रान्सिस्को गार्सेस या स्पॅनिश पाद्र्याला त्यांनींच वाट दाखविली. १८५७ मध्यें लेफ्टनंट एडवर्ड बील यानें सरकारी हुकमावरून याच दिशेनें गाडीरस्ता आखला, आणि त्या मोहिमेंत सामान वाहण्यासाठीं चक्क उंट होते. सुमारे पंचवीस उंट भूमध्यसमुद्राच्या बाजूनें जहाजावर चढवून आणलेले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे तिकडचे हांकणारेहि. उंटाला पोहतां येत नाहीं अशी समजूत होती. परंतु कोलोरॅडो नदी ते बिनतक्रार पोहून गेले. यादवी युद्ध आलें आणि हा प्रयोग तेथेंच थांबला. विसाव्या शतकाच्या आरंभीं हौशी मोटारवाल्यांच्या संस्थांनीं जुन्या वाटा जोडून एक राष्ट्रीय मार्ग आखला, त्याच्यावर दिशादर्शक पाट्या लावल्या. आणि ११ नोव्हेंबर १९२६ रोजीं सरकारनें हमरस्त्यांना क्रमांक दिले तेव्हां शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंतच्या २,४४८ मैलांच्या रस्त्याला ६६ हा आंकडा मिळाला. तो सबंध डांबरी किंवा सिमेंटचा व्हायला १९३८ साल उजाडावें लागलें.

मोहावी प्रदेश कोरडा कां, याचें उत्तर महाराष्ट्रांतील माणसाला समजावून सांगावें लागत नाहीं. महाबळेश्वरीं पाऊस कोसळत असतां पूर्वेकडे माणदेशांत लोक आभाळाकडे पाहात बसतात. ढग सह्याद्रि ओलांडतांना आपला भार वर टाकून रिकामे होतात. कॅलिफोर्नियांत सिएरा नेव्हाडा आणि दक्षिणेकडील पर्वतरांगा सह्याद्रीचें काम करतात, फक्त अधिक निष्ठुरपणें. त्या सह्याद्रीहून कितीतरी उंच आहेत, आणि त्यांच्या मागें वर्षाकाठीं कसाबसा चारपांच इंच पाऊस पडतो, सखल जागीं त्याहूनहि कमी. या रस्त्यावर बगदाद नांवाचें एक स्टेशन होतें. तेथें ३ ऑक्टोबर १९१२ पासून ८ नोव्हेंबर १९१४ पर्यंत, म्हणजे लागोपाठ ७६७ दिवस, पावसाचा थेंबहि पडला नाहीं. संयुक्त संस्थानांतील सर्वांत दीर्घ अवर्षण म्हणून तें नोंदलेलें आहे. बगदादशेजारच्या दोन स्टेशनांना सायबेरिया आणि क्लोंडाइक अशीं नांवें देणारा अधिकारी विनोदी असला पाहिजे, किंवा उन्हानें त्याचें डोकें तरी फिरलें असलें पाहिजे.

अशा प्रदेशांतून एकट्यानें मोटार हांकीत जाणें म्हणजे काय, हें पूर्वेकडून आरंभ केला म्हणजे नीट कळतें. अ‍ॅरिझोनांतील सिटग्रीव्ह्ज खिंड ही पहिली परीक्षा. साडेतीन हजार फुटांच्या या खिंडीवरून रस्ता इतक्या अवघड वळणांनीं ओटमन या जुन्या सोन्याच्या खाणीच्या गांवीं उतरतो कीं, जुन्या काळीं कित्येक लोक आपली मोटार तेथील माणसाला पैसे देऊन खिंड पार करवून घेत. फोर्डच्या ‘टी’ जातीच्या मोटारींत पेट्रोलची टाकी बैठकीखालीं असे आणि तेल केवळ उतारानें एंजिनांत येई. चढ फार उभा असला कीं तें पोंचेना. मग चालक गाडी उलटी फिरवून मागच्या चालीनें डोंगर चढे. १९५२ मध्यें डोंगर टाळून दुसरा रस्ता झाला आणि ओटमन ओस पडूं लागलें. खाणवाल्यांनीं सोडून दिलेल्या गाढवांचे वंशज मात्र आजहि भर रस्त्यांत उभे राहून प्रवाशाची वाट अडवितात.

खिंडीखालीं कोलोरॅडो नदी. १९१६ मध्यें बांधलेली पोलादी कमान टोपॉकजवळ अजून उभी आहे, मात्र तिच्यावरून आतां मोटारी न जातां वायूचे नळ जातात. १९३० नंतरच्या दशकांत ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांत अवर्षण पडलें, धुळीच्या वादळांनीं शेतांतील माती उडून गेली, सावकारांनीं जमिनी घेतल्या. आणि लाखो लोक मोडक्या गाड्यांत संसार घालून पश्चिमेकडे निघाले. त्यांतील पुष्कळांनीं कॅलिफोर्नियाची पहिली भूमि पाहिली ती या कमानीवरून. जॉन स्टाइनबेक याच्या १९३९ च्या कादंबरीनें त्यांची कथा जगभर नेली. कमानीपलीकडे त्यांचें स्वागत झालें असें म्हणवत नाहीं. फेब्रुवारी १९३६ मध्यें लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखानें आपले १३६ शिपाई शेंकडों मैल दूर राज्याच्या सीमांवर नेऊन बसविले. ज्याच्या खिशांत पैसे नाहींत किंवा ज्याला काम लागलेलें नाहीं त्याला परत फिरवावें असा हुकूम होता. एका शहराच्या पोलिसांना राज्याची सीमा अडविण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न तेव्हांहि विचारला गेला आणि थोड्याच आठवड्यांत हा पहारा उठला. गरीब मनुष्याला राज्यांत आणणें हा गुन्हा ठरविणारा कायदा मात्र १९४१ पर्यंत टिकला. त्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें एडवर्ड्स नांवाच्या इसमाच्या खटल्यांत तो रद्द ठरविला.

नदीकांठचें नीडल्स हें गांव उकाड्यासाठीं प्रख्यात. जुलैंत दुपारीं पारा ११० फॅरनहाइटच्या आसपास असतो आणि पुष्कळदां त्याच्याहि वर जातो. जुना अनुभवी प्रवासी येथें दुपारभर सावलींत पडून राही आणि दिवस मावळल्यावर वाळवंटांत शिरे. निघण्यापूर्वीं तो मोटारीच्या पुढील बाजूस कॅनव्हासची पाण्यानें भरलेली पिशवी टांगी. ती म्हणजे महाराष्ट्रांतील छागळच. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें तींतील पाणी गार होई : कापडांतून पाणी पाझरतें, वाऱ्यानें तें उडून जातें आणि जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. धांवत्या मोटारीला वारा आयताच मिळे. हें पाणी माणसासाठीं जितकें, तितकेंच मोटारीच्या रेडिएटरसाठींहि होतें. त्या काळच्या रेडिएटरांतील पाणी चढावर उकळूं लागे आणि झांकण उडवून वाफ बाहेर पडे; तशा वेळीं छागळ रिकामी असली कीं प्रवास संपला. ही पिशवी त्या काळच्या छायाचित्रांत जवळजवळ प्रत्येक गाडीला लोंबकळतांना दिसते.

नीडल्सपासून बार्स्टोपर्यंत सुमारें दीडशें मैल. आधीं रस्ता गॉफ्सवरून जाई. गॉफ्स उंचावर असल्यामुळें हवा थोडी बरी. १९१४ मध्यें बांधलेली तेथील शाळा जीर्णोद्धार होऊन आतां संग्रहालय झाली आहे. १९३१ मध्यें रस्ता सरळ करण्यांत आला आणि गॉफ्स बाजूला पडलें. या वाटेवर गांव मरणें म्हणजे काय, याचा तो पहिला नमुना. नव्या सरळ रस्त्यावरील एसेक्सला मात्र एक आगळा मान होता. वाळवंटांत पाण्याचे पैसे पडत, आणि तें लांबून आणावें लागत असल्यामुळें पैसे घेणाऱ्याला सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. पण तहानलेल्या माणसाच्या अडचणीचा भाव किती घ्यावा यावरून कुरबुर होई. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोटार-संघानें एसेक्स येथें विहीर खणून दिली आणि तेथें वाटेल त्याला फुकट पाणी मिळूं लागलें. विहिरीचें दगडी बांधकाम रस्त्याच्या कडेला अजून दिसतें. वाळवंटांतील अन्नछत्रांत पाणपोईच श्रेष्ठ, असें कोणाहि मराठी माणसाला तेथें वाटेल.

एसेक्सच्या आसपास दुसऱ्या महायुद्धांत मोठी लष्करी छावणी होती. १९४२ मध्यें जनरल पॅटन यानें आफ्रिकेंतील लढाईची तयारी करण्यासाठीं या वाळवंटांत शिक्षणकेंद्र उघडलें. १९४४ मध्यें तें बंद झालें. रणगाड्यांच्या चाकोऱ्या कांहीं ठिकाणीं अजून जमिनीवर उमटलेल्या आहेत, इतकी ही भूमि हळू बदलते. सैनिकाला थोड्या पाण्यावर राहण्याची संवय लावतां येते, अशी त्या वेळच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. रॉचेस्टर विद्यापीठांतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्याचे सहकारी यांनीं त्याच काळांत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत प्रयोग केले, आणि १९४७ मध्यें त्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. ही समजूत साफ खोटी ठरली. घामानें जितकें पाणी जातें तितकें परत द्यावेंच लागतें; त्याबाबत शरीराला शिस्त लावतां येत नाहीं. उन्हांत चालणाऱ्याच्या अंगांतून तासाला शेराहून अधिक पाणी सहज निघून जातें. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, तहान ही मागाहून येते. माणसाला वाटतें त्याच्या आधींच तो कोरडा पडूं लागलेला असतो, आणि पुढें पाणी ठेवलें तरी तो गेलेल्या पाण्याइतकें पीत नाहीं. म्हणून बाटलींत पाणी जपून ठेवून घोट घोट पिणारा मनुष्य शहाणा नव्हे. पाणी बाटलींतल्यापेक्षां पोटांत असलेलें बरें.

सोबतीचा खरा अर्थ येथें उघड होतो. दोघे असले तर एकाचा चेहरा उतरलेला, बोलणें अडखळूं लागलेलें, चाल बिघडलेली दुसऱ्याला दिसते. एकट्याला तें कोण सांगणार? त्याचा विचारच प्रथम ढासळतो, आणि ढासळलेला विचार स्वतःला ओळखूं शकत नाहीं. गाडी बंद पडली असतां “समोर दिसतें तें घर दोन मैलांवर असेल, चालत जाऊं” असें मनांत येतें. स्वच्छ कोरड्या हवेंत तें घर दहा मैलांवर असतें. वाळवंटांत दगावलेल्या पुष्कळांची कहाणी अशीच आहे : मोटार सांपडते, माणूस नंतर सांपडतो. यास्तव जुन्या-नव्या सर्व जाणत्यांचा नियम एकच आहे. मोटार सोडूं नये. ती सावली देते, ती दुरून दिसते, आणि शोधणारे प्रथम तिलाच शोधतात. चालणें अटळच झालें तर रात्रीं चालावें. दर दिवशीं दर माणशीं निदान एक गॅलन पाणी बरोबर असावें आणि आपण कोणत्या वाटेनें, केव्हां पोंचणार हें कोणाला तरी सांगून निघावें. आजहि या रस्त्याच्या लांबच्या लांब पट्ट्यांत भ्रमणध्वनि मुका असतो.

पुढें उतरण लागते आणि अँबॉयची खोलगट भूमि येते. डाव्या हातास ब्रिस्टल हें कोरडें सरोवर पसरलेलें असतें. चहूंबाजूंच्या डोंगरांवरून जें थोडें पाणी येतें त्याला समुद्राकडे जाण्याची वाट नाहीं. तें येथें सांचतें आणि उडून जातें, क्षार मागें राहतात. हजारों वर्षांच्या या व्यवहारांतून मिठाचा जो सांठा झाला तो चर खणून काढण्याचा धंदा येथें चालत आला आहे. दुपारीं या पांढऱ्या भूमीवर निळें पाणी लाटा मारतांना दिसतें. तप्त जमिनीला लागून असलेला हवेचा थर वरच्यापेक्षां विरळ असतो. आकाशाकडून येणारे किरण त्यांतून जातांना वांकून पुन्हां वर फिरतात, आणि डोळा समजतो कीं आकाशाचा तुकडा जमिनीवर पडला आहे. मृगजळ कशानें होतें हें ठाऊक असलें तरी तें दिसावयाचें थांबत नाहीं.

सरोवराच्या कडेला सुमारे २५० फूट उंचीचें एका शांत ज्वालामुखीचें काळें शंकूसारखें टेकाड आहे, आणि त्याच्या अलीकडे अँबॉय गांव, म्हणजे मुख्यतः ‘रॉयज’ हें उपाहारगृह, पेट्रोलचे पंप आणि प्रवाशांच्या खोल्या. रॉय क्रोल यानें १९३८ मध्यें हा धंदा काढला आणि त्याचा जांवई बस्टर बरिस यानें तो वाढविला. युद्धानंतरच्या भरभराटीच्या काळांत येथें अहोरात्र वर्दळ असे. १९४६ मध्यें बॉबी ट्रूप यानें या रस्त्यावर गाणें रचलें, नॅट किंग कोल यानें तें गाइलें, आणि रस्त्यावरून जाणें ही निकडीची गोष्ट न राहतां मौजेची गोष्ट झाली. १९५९ मध्यें उभारलेली रॉयजची उंच दिव्यांची पाटी अंधारांत मैलोगणती दिसे. रात्रीं एकट्यानें येणाऱ्याला ती दीपस्तंभासारखी वाटत असली पाहिजे.

ही मौज सर्वांच्या वांट्याला आली नाहीं. गाणारा नॅट किंग कोल हा स्वतः कृष्णवर्णी. त्याच्या वर्णाच्या प्रवाशाला या रस्त्यावरील कित्येक गांवांत खोली मिळत नसे, कोठें जेवण मिळत नसे, आणि कांहीं गांवांत सूर्यास्तानंतर थांबणें जिवावर बेते. न्यू यॉर्कमधील व्हिक्टर ग्रीन या टपाल खात्यांतील नोकरानें १९३६ पासून एक लहानसें मार्गदर्शक पुस्तक काढण्यास आरंभ केला. कोणत्या गांवीं कृष्णवर्णी प्रवाशाला कोणतें घर, कोणतें दुकान उघडें आहे, याची ती यादी असे, आणि १९६० नंतरच्या दशकापर्यंत ती निघत राहिली. ज्या मनुष्याला पुढील पाटीपाशीं थांबतां येईल कीं नाहीं याचीच शंका, त्याला वाळवंटांतील मैल दुप्पट लांब झाले असतील.

अँबॉयचा शेवट एका दिवसांत झाला असें म्हटलें तरी चालेल. १९७३ मध्यें कांहीं मैल उत्तरेस नवा आंतरराज्य महामार्ग खुला झाला आणि जुन्या रस्त्यावरील वाहतूक तिकडे वळली. हा महामार्ग होण्यापूर्वीं एक विलक्षण योजना निघाली होती. वाटेंतील ब्रिस्टल डोंगर फोडण्यासाठीं २२ अणुबाँब पुरून उडवावे, आणि त्या घळींतून रस्ता व लोहमार्ग दोन्ही न्यावे, असा विचार १९६३ मध्यें अणुशक्ति आयोग, राज्याचें महामार्ग खातें आणि रेल्वे कंपनी यांनीं गंभीरपणें तपासून पाहिला. अँबॉय तेथून फार दूर नाहीं. सुदैवानें कागदापलीकडे तो गेला नाहीं आणि डोंगर नेहमींच्या सुरुंगांनीं फोडण्यांत आला. गांवाला मारण्यास अणुबाँबची गरज पडली नाहीं. एका दमांत शेंकडों मैल जाणाऱ्या, न उकळणाऱ्या नव्या मोटारींना दर वीस मैलांवर थांबण्याचें कारण उरलें नव्हतें. वाफेचीं एंजिनें तर त्याच्याहि आधीं गेलीं होतीं. पाण्यासाठीं वसलेल्या गांवांची पाण्यासाठीं असलेली गरज संपली. बगदाद, सायबेरिया, क्लोंडाइक हीं आतां नांवापुरतीं उरलीं आहेत. १९८५ मध्यें ६६ हा क्रमांकहि सरकारी यादींतून काढून टाकण्यांत आला. अँबॉय गांव २००५ मध्यें एका उपाहारगृहवाल्यानें विकत घेतलें, आणि २०१९ मध्यें रॉयजची पाटी पुन्हां उजळली. पण खोल्या उघडण्याच्या आड जें आलें त्यांत तेथील खारें पाणी हें एक होतें.

पाण्याच्या अभावानें घडलेल्या या रस्त्याला आतां धोका आहे तो पाण्याचाच. उन्हाळ्याच्या अखेरीस दक्षिणेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर ढग येतात; तिकडेहि त्यांना ‘मान्सून’च म्हणतात. घटकेभरांत मुसळधार पाऊस होतो. भाजून कठीण झालेल्या जमिनींत तो मुरत नाहीं, डोंगरावरून लोंढा होऊन येतो. रस्ता बांधणाऱ्यांनीं म्हणून रस्त्याला समांतर मातीचे बांध घातले आणि लोंढ्याला वळवून लहान लहान लांकडी पुलांखालून काढून दिलें. असे शंभराहून अधिक पूल या तुकड्यावर बांधले गेले, पुष्कळसे १९३० च्या सुमाराचे. रिकामपणीं थांबलेल्या प्रवाशांनीं त्या बांधांवर रंगीत दगड मांडून आपलीं नांवें लिहिलीं आहेत. मैलोगणती हीं नांवें वाचीत जातां येतें, आणि एकट्या माणसाला ती थोडी सोबतच होते. सप्टेंबर १९१४ मध्यें बगदादला जवळजवळ दोन वर्षें थेंब पडलेला नव्हता. बरोबर शंभर वर्षांनीं, सप्टेंबर २०१४ च्या पावसानें याच रस्त्यावरील पूल वाहून नेले. त्यानंतरच्या वर्षांत आणखी पूल खचले आणि अँबॉयच्या पूर्वेकडील मोठा भाग दीर्घकाळ बंद ठेवावा लागला. जुने लांकडी पूल त्यांच्या मूळ रूपांत दुरुस्त करावे, कीं टिकाऊ नवे बांधावे, हा वाद खर्चाचा आहे तितकाच ममतेचाहि आहे. जो रस्ता पाहण्यासाठीं लोक देशोदेशींहून येतात त्याच्यावर सिमेंटची सपाट फरसबंदी करून ठेवली, तर मग पाहावयाचें काय? उलट, पूल नसलेला रस्ता पाहण्यापुरताच उरतो. निघण्यापूर्वीं कोणता भाग खुला आहे याची चौकशी करणें इष्ट.

दुसरा वाद जमिनीखालील पाण्याचा. केडिझजवळ भूगर्भांत पाण्याचा मोठा सांठा आहे, आणि तो उपसून किनाऱ्याकडील शहरांना विकावा अशी एक योजना १९९० नंतरच्या दशकापासून पुढें येत आली आहे. तेथील झरे आटतील, त्यांच्या आधारानें जगणारे रानमेंढे आणि पक्षी नष्ट होतील, असा आक्षेप आहे. योजनावाल्यांच्या मतें तें पाणी एरवीं कोरड्या सरोवरांत जाऊन खारेंच व्हावयाचें. १२ फेब्रुवारी २०१६ रोजीं अध्यक्ष ओबामा यांनीं या रस्त्याभोंवतालची सुमारें सोळा लाख एकर भूमि ‘मोहावी ट्रेल्स’ या नांवानें राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेविली, तरी हा वाद मिटलेला नाहीं.

अँबॉयपासून २८ मैलांवर लडलो. जुना रस्ता आणि नवा महामार्ग येथें पुन्हां एकत्र येतात, आणि भरधांव लोटणाऱ्या मालमोटारींचा आवाज कानीं पडतो. अँबॉयच्या बाजूला सोबत होती ती फक्त आगगाडीची. मैलभर लांबीच्या मालगाड्या त्याच १८८३ च्या मार्गानें अजून अहोरात्र जात असतात, पण टाक्यांपाशीं थांबत नाहींत. पुढें न्यूबेरीचे झरे. ज्यांनीं एके काळीं सबंध लोहमार्गाची तहान भागविली त्यांच्या गांवीं आतां प्रवासी थांबतो तो एका साध्या उपाहारगृहासाठीं. १९८७ मध्यें पर्सी अ‍ॅडलन या जर्मन दिग्दर्शकानें तेथें आपला बोलपट घेतला आणि त्याला नांव दिलें तें नाहींशा झालेल्या बगदादचें. मग उपाहारगृहानेंहि तेंच नांव घेतलें. तेथून बार्स्टो फार दूर नाहीं. स्टेशनाजवळ १९११ मध्यें बांधलेली रेल्वेची भव्य विश्रामवास्तु आहे. एका भागांत या रस्त्याचें संग्रहालय आहे. शेजारून मोहावी नदी जाते. पुलावर उभें राहून पाहिलें तर खालीं वर्षांतील बहुतेक दिवस नुसती वाळू दिसते. नदी तिच्याखालून वाहते.